आईला न सांगितलेला निकाल

नेरिसा दालिपेचं नाव फळ्यावर अकरावं होतं. तीन हजारांच्या वर मुलंमुली परीक्षेला बसलेली, नर्सिंगच्या जागा एकशेवीस, आणि लिबेर्तादसारख्या पार टोकाच्या गावातली, सरकारी शाळेत शिकलेली ही सोळा वर्षांची पोरगी वरून अकरावी. तिच्या आईचा, फ्लोर्देलिसाचा चष्मा घरी राहिला होता. म्हणून तिनं फळ्यापाशी उभ्या असलेल्या एका परक्या माणसाला ते नाव वाचायला लावलं. मग आणखी एकाला लावलं.

"आई, पुरे की आता," नेरिसा म्हणाली. "मी वाचलंय ना."

"तू तुझंच नाव वाचणार. लोकांनी वाचलेलं बरं."

फ्लोर्देलिसाला गावात सगळे मानांग देली म्हणायचे, म्हणजे देलीताई. नवरा मासेमारीला म्हणून पलावान बेटावर गेला तो तिकडचाच झाला. त्यानं तिकडे दुसरं घर केल्याचं कळलं तेव्हा धाकटी जेरालिन तीन वर्षांची होती. देलीनं एक दिवस रडून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी परत चटई विणायला बसली. आमच्याकडे बारिवच्या पानांच्या चटया विणतात. केवड्याच्याच जातीचं झाड ते. पानांच्या कडेचे काटे काढायचे, पानं उन्हात वाळवायची, ओंडक्याखाली दाबून मऊ करायची, मग चिरून पट्ट्या काढायच्या. विणणाऱ्या बाईच्या बोटांवर बारीक चिरा कायमच्याच. पण देलीचं खरं नाव होतं ते स्वयंपाकात. जत्रा असो, लग्न असो, मयताचं घर असो, मोठ्या कढईतला झारा तिच्याच हातात. तुरीचे दाणे, डुकराचं मांस आणि कच्चा फणस घालून ती जी आंबट आमटी करायची, ती खायला शेजारच्या गावची माणसं काहीतरी निमित्त काढून यायची.

कॉलेजनं मागितलेल्या कागदांची यादी देलीला तोंडपाठ होती. जन्मदाखला, पंच्याऐंशीच्या वर सरासरी असलेलं प्रगतिपुस्तक, मुख्याध्यापकांचं एक आणि पाद्रींचं एक अशी चांगल्या वर्तणुकीची दोन पत्रं, लग्न झालेलं नसल्याचा दाखला, चार फोटो. सगळं एका जाड पाकिटात, ते पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी देलीच्या मांडीवर, सहा तासांच्या बसप्रवासात एकदाही खाली न ठेवलेली.

मुलाखतीत तिघीजणी होत्या. त्यांनी विचारलं, नर्स कशासाठी व्हायचंय. नेरिसा म्हणाली, "मला किळस येत नाही." तिघी हसल्या. मधली म्हणाली, "सकाळपासून चाळीस जणींनी मला सेवा करायची आहे म्हणून सांगितलं. हे पहिल्यांदाच ऐकतेय." आणि तिनं कागदावर काहीतरी लिहिलं.

राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी. उंची, वजन, रंग ओळखता येतात का, छातीचा फोटो, रक्त. देलीच्या मते ते नावापुरतं होतं. "आमच्या घरात कुणाला साधं पडसं होत नाही," ती चुलतबहिणीला सांगत होती. तिच्याकडेच त्या दोघी उतरल्या होत्या. तिसऱ्या दिवशी नेरिसाला विद्यापीठाच्या दवाखान्यात बोलावणं आलं तेव्हा देली तिच्यासाठी पांढरे बूट बघायला बाजारात गेली होती.

डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या होत्या. त्यांनी दार लावून घेतलं.

"बस. तुला कधी कावीळ झाली होती?"

"नाही."

"घरात कुणाला?"

"नाही. म्हणजे, मला माहीत नाही."

"तुझ्या रक्तात बी प्रकारच्या काविळीचा विषाणू आहे. घाबरू नकोस, तू आजारी नाहीस. पण तो आहे, आणि बहुतेक जन्मापासूनच आहे. आपल्याकडे बऱ्याचदा आईकडून येतो, बाळंत होताना."

"मग औषध द्या ना."

"घालवून टाकायचं औषध नाही. जपायचं. दर सहा महिन्यांनी तपासून घ्यायचं."

"आणि कॉलेज?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आमच्या नियमात बसत नाही. पेशंटला हात लावायचं काम आहे, सुया टोचायचं काम आहे. तू हुशार आहेस, शिक्षिका हो. तिथे हा दाखला लागत नाही." मग त्या उठून नेरिसाच्या बाजूच्या खुर्चीत येऊन बसल्या. "नियम मी केलेला नाही, बाळ. पण आता मी सांगते ते नीट ऐक. घरी गेलीस की पहिलं काम, आईला तपासून घे. आणि बहिणीला. हा आजार गपचूप असतो, आतल्या आत वर्षानुवर्षं लिव्हर पोखरतो. उशीर करू नकोस." त्यांनी ते चिठ्ठीवर लिहूनही दिलं.

खालच्या खिडकीतल्या बाईनं पाकीट परत केलं. सगळे कागद होते. फोटोसुद्धा चारच्या चार, पिन लावलेले.

पायऱ्यांवर बसल्या बसल्या नेरिसाला आठवला तो त्यांच्या गल्लीतला म्हातारा आम्बो. त्याला लिव्हरचा आजार झाल्याचं गावाला कळलं त्या दिवसापासून त्याचं ताट वेगळं झालं. मग वाटी वेगळी, बाक वेगळा. शेवटी त्याची स्वतःची बायको त्याला नारळाच्या करवंटीत भात घालून उंबऱ्यापाशी ठेवायची. हे आईच्या बाबतीत झालं तर? गावभरच्या कढया जिच्या हातात, तिच्या हातचं पाणी कुणी पिणार नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे आईला वाटणार की मुलीचं नशीब तिनंच बुडवलं. जन्म देतानाच बुडवलं.

देली आली ती बुटांची पेटी छातीशी धरून. "बघ, एक आकडा मोठे घेतलेत. चार वर्षं चालतील."

"आई, त्यांची चूक झाली होती," नेरिसा म्हणाली. "अकरावी मी नव्हते. दुसरी एक दालिपे होती."

"म्हणजे?"

"आडनाव सारखं. आता नीट बघितलं त्यांनी. माझं नाव यादीत नाही."

"मी दोन माणसांकडून वाचून घेतलं होतं. नेरिसा दालिपे, असं वाचलं त्यांनी." देली पदपथावरून पायऱ्यांकडे निघालीच होती. "कुठे बसतात ते? मला खिडकी दाखव."

नेरिसानं तिचा दंड धरला आणि म्हणाली, "चल ना घरी. मला घरी जायचंय."

पोरीचा चेहरा बघून देली थांबली. पण बसमध्ये सहा तास तिचं तोंड थांबलं नाही. शेजारच्या माणसाला, पुढच्या बाकावरच्या नन्सना, कंडक्टरला, सगळ्यांना तिनं ती गोष्ट सांगितली. "यांना दोन दालिपे वेगळ्या करता येत नाहीत, हे काय माणसांना इंजेक्शनं द्यायला शिकवणार?" गावात तर वर्षभर हेच. पाद्रींनी एकदा समजुतीनं म्हटलं की परमेश्वराची काही योजना असेल, तर देली म्हणाली, "फादर, परमेश्वराला वाचता येतं. मी त्या खिडकीतल्या बाईबद्दल बोलतेय."

नेरिसाला सांगायचंच होतं. सांगणार नाही असं तिनं कधी ठरवलं नाही. आधी मे महिन्यातली जत्रा होती, आई कामात होती. मग पावसात आई खोकत होती, म्हटलं बरी होऊ दे. मग नाताळ आला. मग चटयांची मोठी मागणी आली आणि देली रोज अंधार पडेपर्यंत वाकून बसायला लागली. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी शब्दकोशात घालून ठेवलेली होती. सुरुवातीला नेरिसा ती रोज बघायची, नंतर तो शब्दकोश उघडणंच तिनं सोडलं. गावच्या आरोग्य केंद्रात मदतनीस म्हणून ती जायला लागली होती. बाळांची वजनं घ्यायची, लशीच्या दिवशी आयांना ओळीत बसवायचं.

दुसऱ्या वर्षी देली म्हणायला लागली की उजव्या बरगडीखाली जड वाटतं. "वाकून वाकून झालंय," असं निदान तिनंच केलं. नेरिसाला तेव्हा कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलंच होतं. तिनं धीर करून म्हटलं, "आई, केंद्रात सगळ्या बायकांचं रक्त तपासतायत. तूही ये एकदा."

"माझ्या रक्ताचं काय करायचंय? चटया विणायला रक्त नाही लागत."

यावर आणखी दोन वाक्यं बोलायला हवी होती. नेरिसा ती बोलली नाही. आणि, तिनं पुढे स्वतःच कबूल केलं, तिला त्या क्षणी हायसं वाटलं.

डिसेंबरात देलीचं पोट फुगलं. पाय बारीक आणि पोट सात महिन्यांच्या पोटुशी बाईसारखं. शेजारणींनी आधी थट्टा केली, की पलावानवाला परत आला का काय. मग डोळे पिवळे दिसायला लागले आणि थट्टा थांबली. नेरिसा तिला जिल्ह्याच्या इस्पितळात घेऊन गेली. यंत्रातून पोट बघून झाल्यावर एक तरुण डॉक्टर वही घेऊन खाटेपाशी आला.

"घरात कुणाला कावीळ, लिव्हरचा आजार?"

"मला," नेरिसा म्हणाली. "बी कावीळ आहे."

"कधी कळलं?"

"वीस महिने झाले. नर्सिंगच्या तपासणीत."

डॉक्टरनं लिहिता लिहिता पेन थांबवलं. देली खाटेवर डोळे मिटून पडली होती. ती जागी होती.

बाहेर व्हरांड्यात नेरिसानं त्याला गाठलं. "तेव्हाच आणलं असतं तर?"

त्याला खोटं बोलता आलं असतं, पण तो फार तरुण होता. "सांगता येत नाही. लिव्हरमधली कॅन्सरची गाठ लहान असती तर कापून काढता आली असती, कदाचित. कदाचित तेव्हाही उशीर झालेलाच असता. आता मात्र फार मोठी आहे." तो जायला निघाला आणि परत वळून म्हणाला, "घरी न्या. इथे ठेवून काही होणार नाही."

जीपनीतून, म्हणजे आमच्याकडच्या लांबट जीपगाडीतून, घरी जाताना देली समुद्राकडे तोंड करून बसली. त्या दिवशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशी बोलली नाही. जेरालिनशी बोलायची, शेजारणींशी बोलायची, नेरिसानं आणून ठेवलेलं खायची, पण नेरिसाकडे बघायची नाही. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी दुपारी नेरिसा तिच्या सुजलेल्या पायांना खोबरेल चोळत होती. जेरालिन शाळेत होती.

"मी बूट घेऊन आले तेव्हा तुला माहीत होतं," देली म्हणाली.

"हो."

"आणि ती दुसरी दालिपे?"

"कुणी नव्हती."

"मी त्या कॉलेजला किती शिव्या दिल्या. फादरसमोर दिल्या."

नेरिसा पाय चोळत राहिली.

"का नाही सांगितलंस?"

"तुला वाटलं असतं की ते मला तुझ्याकडून आलं."

"मग आलंच ना माझ्याकडून. मला वाईट वाटलं असतं तर वाटलं असतं. ते माझं मी बघितलं असतं." देलीचा आवाज चढला नाही. "अंग माझं होतं, इंदाय. मला विचारायला हवं होतंस."

आमच्याकडे लाडक्या लेकीला इंदाय म्हणतात. तेवढा एक शब्द आला म्हणून नेरिसाला रडू फुटलं. तिला वाटलं, आता आई डोक्यावरून हात फिरवेल. देलीनं तो फिरवला नाही. ती म्हणाली, "पाय सोडू नकोस. दुखतायत."

नंतर बोलणं सुरू झालं, पण देलीनं माफ केलं असं तोंडानं कधी म्हटलं नाही, आणि नेरिसानंही विचारलं नाही. एकच गोष्ट देलीनं बजावून सांगितली. "जेरालिनला यातलं काही कळू देऊ नकोस. मी गेल्यावर तुला तिच्याशिवाय कोण आहे? तिनं तुझ्यावर राग धरला तर एकटी पडशील."

गावात कुजबुज सुरू झाली तशी देलीनं आपण होऊनच आपलं ताट वेगळं काढलं. नेरिसानं ते ताट उचललं आणि त्यातच आपला भात वाढून घेतला.

"अगं, त्यात नको."

"मला काय होणार आहे आता? जे तुझ्यात तेच माझ्यात."

देली बघत राहिली आणि मग हसायला लागली. पोट दुखेपर्यंत हसली. त्या पाच महिन्यांत दोघी मिळून हसल्या असं ते एकदाच.

मे महिन्यात जत्रेच्या आदल्या दिवशी बायका दाराशी आल्या. आत कुणी आलं नाही, पण बाहेरून विचारलं, "मानांग देली, दोन कढयांना आंबट किती घालायचं?" देलीनं आतून सांगितलं. मीठ किती, फणस कधी टाकायचा, जाळ कधी कमी करायचा, सगळं सांगितलं. सांगताना दम लागत होता, मध्ये मध्ये थांबावं लागत होतं, आणि बाहेर बायका तेवढ्या वेळ गप्प उभ्या होत्या. जत्रेनंतर सहाव्या दिवशी ती गेली. मयताच्या घरी त्याच बायकांनी स्वयंपाक केला आणि तो खारट झाला. मयतापाशी रात्र जागवायला पत्ते खेळत बसलेला एक म्हातारा म्हणाला, "बघा, आत पडलीय ती ऐकेल आणि उठून येईल." लोक हसले. नेरिसा पण हसली, आणि मग मागच्या दारी जाऊन बराच वेळ उभी राहिली.

नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या त्याच आठवड्यात तिनं जेरालिनला तपासून घेतलं. ती अकरा वर्षांची पोर रक्त देताना रडली. निकाल चांगला आला, तिच्यात काही नव्हतं. ती गावच्या केंद्रात जन्मली होती आणि लहानपणीच तिला लस मिळाली होती. नेरिसाचा जन्म घरातला, त्या वेळी गावात लस नव्हती. एवढाच फरक.

पुढची आठ वर्षं नेरिसा आरोग्य केंद्रातच होती. लग्नाची बोलणी दोनदा आली. दोन्ही वेळा तिनं समोरच्याला आधीच सगळं सांगितलं, आणि दोन्ही वेळा पुढे काही झालं नाही. जेरालिनला तिनं शिकवलं, पण तिचं मन चटईतच होतं. आईचे नमुने तिच्या बोटांत उतरले होते. आई लिव्हरच्या आजारानं गेली आणि ताईच्या रक्तातही तोच विषाणू आहे, एवढं जेरालिनला माहीत होतं. ताईला ते कधी कळलं, हे तिनं कधी विचारलं नाही. विचारावं असं तिला वाटायचं कारणच नव्हतं.

मग एका प्रशिक्षणात नेरिसाच्या कानावर आलं की आता नियम बदललाय. नुसता विषाणू आहे म्हणून कॉलेज कुणाला परत पाठवत नाही. तज्ज्ञाचा दाखला आणायचा, दर वर्षी तपासणी करायची, एवढंच. ती घरी येऊन हे सहज बोलली, आणि जेरालिननं धोशा लावला. "जा तू. इथे किती वर्षं दुसऱ्यांची पोरं तोलणार आहेस?"

"सव्वीस वर्षांची आहे मी. सगळ्या पोरी सतराच्या असतील."

"मग त्या तुला मानांग म्हणतील. म्हणू देत."

या खेपेला यादीत तिचं नाव सत्त्याऐंशीवं होतं. अर्ज भरायला दोघी बहिणी विद्यापीठाच्या आवारात एका बाकावर बसल्या. जेरालिनचं अक्षर सुंदर, म्हणून पेन तिच्या हातात. नेरिसा सांगत होती, ती लिहीत होती. नाव, गाव, शाळा. शेवटच्या पानावर आजारांची माहिती होती.

"पहिल्यांदा निदान कधी झालं?" जेरालिननं वाचलं.

नेरिसानं जुना अहवाल सोबत जोडला होता. त्यावर तारीख होती. तारीख नसती तर आपण काय सांगितलं असतं, हे तिला नंतरही नक्की ठरवता आलं नाही.

"सोळाव्या वर्षी. एप्रिलमध्ये."

जेरालिननं लिहिलं. मग पेन थांबलं. "आई जायच्या आधी?"

"हो."

"किती आधी?"

"दोन वर्षं."

"तेव्हा त्यांनी तुला सांगितलं होतं का, की आईला तपास म्हणून?"

"सांगितलं होतं. लिहूनही दिलं होतं."

"आणि तू?"

"मी आईला उशिरा नेलं. वीस महिने उशिरा."

जेरालिन खाली बघत राहिली. आवारात मुलं ये-जा करत होती, कुणीतरी गिटार वाजवत होतं. मग तिनं राहिलेला अर्ज भरला. एकही रकाना सोडला नाही, अक्षर कुठे बिघडलं नाही. पेनाला टोपण लावून ती म्हणाली, "सही कर." नेरिसानं सही केली. जेरालिन उठली आणि बसच्या थांब्याकडे चालती झाली. नेरिसानं हाक मारली नाही.

नेरिसाला प्रवेश मिळाला. सतरा वर्षांच्या पोरी खरोखरच तिला मानांग म्हणायच्या आणि खाटेवरची चादर पेशंटला न उठवता कशी बदलायची, हे तिच्याकडून शिकायच्या. हाताच्या कामात ती सगळ्यांत पुढे. बाहुलीला आंघोळ घालायची परीक्षा असली तरी ती पाणी आधी स्वतःच्या मनगटावर बघायची. शिकवणारे विल्यारूस सर वर्गाला म्हणायचे, "हिच्याकडे बघा." पण रसायनशास्त्रापुढे तिचं काही चालेना. शाळा सुटल्यावर दहा वर्षांत डोक्यातून सगळं पुसून गेलं होतं. ती पास व्हायची, काठावर. आणि नर्सिंगला पास होऊन भागत नाही. तिसऱ्या वर्षाला, म्हणजे वॉर्डात जायला, सरासरी अडीच लागते. तिथे एक म्हणजे सगळ्यांत वर आणि पाच म्हणजे नापास, आकडा जितका लहान तितकं चांगलं. दर सत्राला याद्या लागायच्या आणि वर्ग थोडा लहान व्हायचा.

या काळात जेरालिनला ती निरोप पाठवायची. बरी आहेस ना. जेरालिनचं उत्तर यायचं, हो. पाऊस फार आहे का तिकडे. हो. नाताळात नेरिसा घरी गेली तेव्हा जेरालिननं जेवायला वाढलं, अंथरूण घालून दिलं, आणि परक्या घरी पाहुण्याशी बोलावं तसं बोलली.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी विल्यारूस सरांनी तिला बोलावून घेतलं. यादी लागायच्या आधी त्यांना स्वतः सांगायचं होतं.

"दोन पूर्णांक त्रेपन्न," ते म्हणाले. "पन्नासच्या आत हवे होते."

"समजलं, सर."

"मी समितीत बोललो. हाताच्या कामाचे गुण दाखवले. ते म्हणाले, एकीला तीन शतांश सोडले तर उद्या दुसरीला पाच सोडावे लागतील. चुकीचं बोलत नाहीत ते." तिनं काहीतरी म्हणावं, भांडावं, असं त्यांना वाटत होतं. "मिडवाइफचा दोन वर्षांचा कोर्स आहे. तुझे बरेच विषय तिथे धरतील. मी पत्र देतो."

तिनं आभार मानले. बाहेर आली आणि तिला जाणवलं की आपल्याला वाटायला हवं तेवढं वाईट वाटत नाही, आणि त्याचंच वाईट वाटतंय. पांढरे कपडे घातले की आपली फेड होईल, असं ती कुठेतरी धरून चालली होती. या दोन वर्षांत, रात्रंदिवस ती समीकरणं घोकताना, तिला हळूहळू उमगत गेलं होतं की आईनं तिच्याकडे असं काही कधी मागितलेलंच नव्हतं. आईनं मागितलं होतं एवढंच, की मला विचार. आणि ते आता जिला द्यायचं ती उरली नव्हती.

घरी पोचली तेव्हा जेरालिन ओसरीवर अर्धी चटई पसरून बसली होती. तिनं पिशवीकडे बघितलं, बहिणीच्या तोंडाकडे बघितलं.

"काढलं?"

"हो."

"किती कमी पडले?"

"तीन शतांश."

जेरालिननं पट्ट्या बाजूला सारल्या आणि बसायला जागा केली. नेरिसा पिशवी ठेवून बसली. मग जेरालिन म्हणाली, "मला अजून राग आहे."

"माहीत आहे."

"आईला उशिरा नेलंस, त्याचा कमी आहे. तू सोळा वर्षांची होतीस. मी असते तर मीही घाबरले असते. पण इतकी वर्षं माझ्यासमोर जेवत होतीस आणि मला सांगितलं नाहीस."

नेरिसाला क्षणभर वाटलं, हे तरी आपल्याजवळ ठेवावं. मग तिनं सांगून टाकलं. "आईनं सांगितलं होतं, तुला कळू देऊ नकोस म्हणून. ती म्हणाली, तू राग धरशील आणि मी एकटी पडेन."

जेरालिननं हे ऐकलं. ती रडेल असं वाटलं होतं, पण रडली नाही. "माझं काय ते तुम्ही दोघींनीच ठरवलंत," ती म्हणाली. "मी कशी वागेन तेसुद्धा." मग थोड्या वेळानं, "भात आहे. सुका मासा भाजते," असं म्हणत उठून आत गेली.

नेरिसानं मिडवाइफचा कोर्स पुरा केला. आता ती शेजारच्या गावच्या केंद्रात असते. जेरालिनचं लग्न झालंय, तिचं घर वीस मिनिटांच्या अंतरावर. दोघींचं आता ठीक आहे, असं लोकांना वाटतं आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. आईबद्दल बोलणं निघालं की दोघी तिच्या आमटीबद्दल बोलतात, तिच्या जिभेबद्दल बोलतात, शेवटच्या दोन वर्षांबद्दल बोलत नाहीत.

वर्षातून दोनदा नेरिसाला तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. जेरालिन बरोबर जाते. तिला ये म्हणून कुणी सांगितलेलं नाही. ती बाहेरच्या बाकावर बसते, सोबत आणलेला भात दोघींना वाढते आणि खिडकीतून कागद बाहेर आला की नेरिसाच्या आधी स्वतः हात पुढे करते. उभ्या उभ्या सगळा वाचते, एकेक आकडा. नेरिसा शेजारी थांबून राहते. वाचून झालं की जेरालिन कागद तिच्याकडे देते आणि म्हणते, "चल, बस सुटेल."